अकराव्या अक्षराखालचं टिंब

समजा, तुमच्या तळहातावर एक नाणं ठेवलं आहे. कोटाच्या बटणाएवढं रुंद, पण पुठ्ठ्याइतकं पातळ. रंग कळकट, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. मध्ये मुकुटवाली ढाल, ढालीवर तीन फुलं आणि कडेनं गोल फिरणारी अक्षरं. तुम्हाला एवढंच करायचं आहे: माथ्यावरच्या खुणेपासून उजवीकडे निघायचं, एकेक अक्षर मोजत जायचं आणि कुठल्या अक्षराच्या पायाशी टिंब आहे ते सांगायचं. सोपं वाटतं ना? मग भिंग घ्या. पहिलं अक्षर दिसतं. दुसरं अर्धं दिसतं. तिसरं आहे असं धरून चालायचं. सातव्यापाशी शंका येते की मघाशी पाचवं दोनदा तर मोजलं नाही? परत माथ्यावर. चौथ्या फेरीला डोळ्यांतून पाणी गळायला लागतं, आणि टिंब म्हणून जे सापडतं ते फुंकर मारली की उडून जातं.

हे काम एक बाई सुट्टीच्या दिवशी हौसेनं करते. वय सेहेचाळीस. आठवड्याचे सहा दिवस ती दात बनवते. म्हणजे दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि ही तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये बसून त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या घडवते. शेजारीपाजारी तिला ‘दातवाली’ म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. तिला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पण कुणी हसलं की डावीकडची वरची दाढ आपल्या हातची आहे का, हे ती लगेच ओळखते.

नाण्यांशी तिचा संबंध आला तो प्रूफवाल्या काकांमुळे. काका छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासत होते. निवृत्तीनंतर सहा वर्षांपूर्वी एके दिवशी ते लॅबच्या दारात उभे राहिले. तिला वाटलं, कवळी मोडली असणार.

“दात दुखत नाहीत माझे,” काका म्हणाले. “तुम्ही लोक जबड्याचं माप घेता, तसं एखाद्या नाण्याचं घेता येईल का? नाणं एका मित्राचं आहे. दोन तासांपेक्षा जास्त वेळ तो ते माझ्याकडे ठेवत नाही. बायको ठेवेल, नाणं नाही.”

तिनं सिलिकॉनचं माप घेतलं, त्यात प्लास्टर ओतलं आणि अर्ध्या तासात काकांच्या हातात नाण्याची पांढरीशुभ्र नक्कल ठेवली. काका निघून गेले, पण तिच्या डोक्यात भुंगा सोडून गेले. नक्कल साफ करताना एका अक्षराखाली तिला बारीक पुटकुळी दिसली होती. प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की असंच होतं, आणि बुडबुडा राहणं ही तिच्या धंद्यात नामुष्की असते. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून काकांकडे गेली आणि म्हणाली, “काका, एक चूक राहिली. परत बनवून देते.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “चूक नाही ती. तेच तर बघायचं होतं. पाचशे वर्षांपूर्वीची सही आहे.”

मग त्यांनी तिला सगळं समजावलं. जुन्या काळी फ्रान्सच्या राजाच्या टांकसाळी ठिकठिकाणी होत्या आणि नाणी सगळ्यांची सारखीच दिसायची. कुणी चांदीत हात मारला तर पकडायचं कसं? म्हणून प्रत्येक टांकसाळीला एक आकडा वाटून दिलेला होता. बारावं अक्षर म्हणजे ल्योन शहर, अठरावं म्हणजे पॅरिस. त्या अक्षराखाली टिंब ठोकायचं. लोकांना पत्ता नाही, तपासणाऱ्याला बरोबर कळतं.

“म्हणजे राजानं पण प्रूफवाला ठेवला होता,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून काकांनी तिला अगं-तुगं करायला सुरुवात केली.

सोन्याची नाणी तिला कधीच आवडली नाहीत. सोनं म्हणजे सगळं उघड, त्यात शोधायचं काय? तिचा जीव जडला तो हलक्या चांदीवर. ज्या नाण्यांनी लोक पाव आणि मीठ घ्यायचे, त्या बारा दिन्यांच्या, म्हणजे तिथल्या बारा पैशांच्या, नाण्यांत चांदी जेमतेम एक तृतीयांश, बाकी सगळं तांबं. पण टांकसाळीतून बाहेर पडताना ती पांढरीफेक दिसायची. कारण ठोकण्याआधी चकत्या आंबट पाण्यात उकळायचे. वरवरचं तांबं त्यात विरघळून जायचं आणि चांदीचा पापुद्रा तेवढा शिल्लक राहायचा. मिश्रधातूत रोज हात घालणाऱ्या बाईला ही लबाडी वाचून हसू आलं. दर्शनी दात चकचकीत आणि मागच्या दाढेला स्वस्तातलं काम, असं सांगणारे डॉक्टर तिला रोजच भेटत होते.

ती पोस्टानं येणारे टाकाऊ नाण्यांचे लॉट घेऊ लागली आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत साठवू लागली. चार वर्षांत तेवीस नाणी ओळखून झाली. तिचा नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो. घरी असला की झोपतो आणि जागा असला की म्हणतो, “चालू दे तुझं.” घरात खरा विरोधी पक्ष म्हणजे नणंद. ती पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कपडे उसवून परत शिवते. वयानं वर्षभरानं मोठी, म्हणून ही तिला ताई म्हणते आणि ती हिला वहिनी.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत नाणेवाल्यांची, म्हणजे नाणी जमवणाऱ्यांची, दर रविवारची बैठक संपली. सगळे जिना उतरून गेले, पण काका बसूनच राहिले. त्यांच्या डोळ्यांचं मधलं दिसणं हळूहळू पुसत चाललं आहे. कडेचं दिसतं, पण बघायचं तिथे नेमका करडा ठिपका. चाळीस वर्षं स्वल्पविराम पकडणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते टिकेल तेवढं टिकेल.

काकांनी खिशातून पाकीट काढलं. “हे माहीतच आहे तुला.”

तिला माहीत होतं. त्या टेबलावरच्या सगळ्यांनाच माहीत होतं. पहिल्या फ्रान्सिस राजाचं बारा दिन्यांचं नाणं. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यावर अकराव्या अक्षराखाली टिंब होतं. अकरा हा एका लहानशा गावच्या टांकसाळीचा आकडा, आणि तिथलं या राजाचं असं नाणं त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. बाकीचे मागून म्हणायचे की म्हाताऱ्याला मळ दिसतो आणि तो टिंब समजतो. बाराव्या अक्षराचा पायच झिजून गेला आहे, टिंब तिथे असणार आणि नाणं साधं ल्योनचं. काका तीस वर्षं ऐकून घेत होते आणि अंगठ्याच्या नखानं ते टिंब चाचपत होते.

“माझा सगळा ट्रे ग्रंथालयाला देतोय,” काका म्हणाले. “पुढच्या रविवारी ते लोक कपाट लावणार. चिठ्ठ्या सगळ्या लिहून झाल्या, ही सोडून. माझं वाचन मला पुरेसं होतं, पण आता मीच माझ्यावर विश्वास ठेवत नाही. तू वाच. अकरा म्हणालीस तर अकरा, मळ म्हणालीस तर मळ. तुझ्याशिवाय कुणाच्या तोंडून मला ते पटणार नाही.”

“आणि मला दिसलंच नाही तर?”

“दिसेल. फक्त घासू नकोस.”

“काका, मी घासीन का?”

“हात शिवशिवतात तुझे. मी पाहिलेत.”

सोमवारी सकाळी लॅबमध्ये पोचल्यावर तिनं पहिलं काम केलं ते माप घेण्याचं. विचार करून केलं असं नव्हे. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी माप घ्यायचं, ही पंचवीस वर्षांची सवय. माप डबीत टाकून तिनं नाणं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. दहाव्या अक्षराला राजाचं नाव संपत होतं. अकरावं अक्षर डी, म्हणजे लॅटिनमधल्या ‘देवाच्या कृपेनं’ची सुरुवात. त्याच्या पायाशी खरंच काहीतरी होतं. गोल, ठसठशीत, हिरवट काळं. पण आजूबाजूचा मळही हिरवट काळाच होता. उजवीकडून दिवा मारला की टिंब. डावीकडून मारला की मळाचा गठ्ठा. वरून मारला की काहीच नाही.

मंगळवारी तिनं तेच केलं. बुधवारीही. एका डॉक्टरांच्या रुग्णाचा पुढचा दात ती भट्टीत चुकीच्या छटेत भाजून बसली आणि परत करावा लागला. घरी जेवताना तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

“वहिनी, मशीन माझं आहे, पायडल तुम्ही मारताय,” नणंद म्हणाली.

“ताई, तुमचा शिलाईचा दिवा देता का जरा? त्याचा उजेड पिवळा आहे.”

“परवा नेलात तो अजून आला नाही. कोण तो राजा, मरून पाचशे वर्षं झाली त्याला, त्याच्या टिंबाची एवढी काळजी. मी इथे काळ्या कापडावर काळा दोरा ओवतेय, माझी काळजी कुणाला?”

“राजाची नाही हो. काकांची आहे.”

नणंदेनं दोरा दातानं तोडला. “मग सांगून टाका अकरा. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल. कोण बघायला येतंय?”

हाच तर प्रश्न होता. बघायला कुणीच येणार नव्हतं. ती जे म्हणेल ते चिठ्ठीवर जाणार, चिठ्ठी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि पुढे ज्याला ज्याला अकरा हवं असेल तो तिच्या शब्दावर अकरा मोजणार.

गुरुवारी दुपारी लॅबमध्ये ती एकटी होती. लॅबचे मालक एका डॉक्टरांकडे गेले होते. कोपऱ्यात कंपनाच्या लहरींनी दात धुणारं यंत्र गुणगुणत होतं. कॅपवरची पॉलिशची घाण त्यातच निघते. ना ब्रश, ना आम्ल, नुसतं पाणी थरथरतं. आणि तिच्या मनानं तिला अगदी सरळ हिशेब मांडून दाखवला. काका म्हणाले घासू नकोस. हे घासणं नाही. आत शुद्ध पाणी आहे. अर्ध्या मिनिटात काय होणार? सैल धूळ निघेल. निघालं तर मळ, राहिलं तर टिंब.

तिनं नाणं जाळीवर ठेवलं आणि तीसपर्यंत मोजलं.

ज्या बाईनं बैठकीत नवीन आलेल्यांना शंभर वेळा सांगितलं होतं की हलक्या चांदीला पाणीसुद्धा जपून लावा, वर आहे तो नुसता पापुद्रा आहे, आतलं तांबं कुजून बाहेर आलेलं असतं, कधी कधी अक्षर धातूत नसतंच, त्या कुजलेल्या थरातच उरलेलं असतं, त्याच बाईनं हे केलं. दात बनवणारीनं केलं, कारण तिच्या दुनियेत जे घट्ट असतं ते टिकतं आणि जे निघतं ती घाण असते.

नाणं बाहेर काढलं तेव्हा अकराव्या अक्षराच्या पायाशी तांबूस डाग होता. गुळगुळीत, ताजा, खपली निघाल्यावर आतून दिसते तशा त्वचेच्या रंगाचा. टिंब नव्हतं.

 तिचे हात मात्र आपली कामं करत राहिले. यंत्र बंद केलं, पाणी सिंकमध्ये ओतलं, भांडं पुसून पालथं घातलं. रोज करते तसं. नाणं टिपकागदावर वाळत होतं आणि ती खुर्चीत बसत होती, उठत होती, परत बसत होती.

शुक्रवारी तिच्या मनात जे आलं ते तिनं नंतर फक्त नणंदेला सांगितलं. टिंब बनवणं तिच्यासाठी डाव्या हाताचा खेळ होता. दात भरायचं मिश्रण सुईच्या टोकावर, निळ्या दिव्याखाली वीस सेकंदांत घट्ट, वर थोडा काळा रंग. काका डोळ्यांनी बघणारच नव्हते, नखानं बघणार होते, आणि नखाला हवा तसा उंचवटा देणं हीच तर तिची रोजीरोटी. तिनं थेंब लावलासुद्धा. दिवा हातात घेतला. आणि मग थेंब ओला होता तोवर कापसानं पुसून टाकला.

“का पुसलंत?” नणंदेनं विचारलं होतं.

“उद्या मलाच मोजावंसं वाटलं, तर मी काय मोजणार?”

रविवारी बैठकीच्या आधीच ती काकांच्या खोलीवर गेली. एक पलंग, एक टेबल, टेबलावर तीस चिठ्ठ्या सुबक अक्षरात लिहून ओळीत मांडलेल्या. काकांचं अक्षर आता मोठं झालं होतं, पण ओळ सुटली नव्हती. ट्रेमधल्या एका खाचेत फक्त कोरी चिठ्ठी होती.

“बोल,” काका म्हणाले.

“मी ते धुतलं.”

काकांनी हात पुढे केला. तिनं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांचा अंगठा माथ्यावरच्या खुणेपाशी गेला आणि न अडखळता उजवीकडे सरकत डी पाशी थांबला. नख खाली उतरलं. पुन्हा उतरलं. इतर कुठल्याही अक्षरापाशी ते गेलं नाही.

“घासलंस?”

“नाही. यंत्रात घातलं. नुसतं पाणी होतं.”

“पाणी ठेवलंस?”

तिला कळलंच नाही.

“पाणी, गं. धातूचं टिंब असतं तर कण तळाशी बसला असता. मळ असता तर विरून गेला असता. पाण्यात उत्तर होतं. ठेवलंस का?”

“ओतून टाकलं.”

काकांनी नाणं ट्रेच्या कडेला ठेवलं. त्यांनी आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण ते हळूच म्हणाले, “छापखान्यात आम्ही चुकीची पानंसुद्धा वर्षभर ठेवायचो. फेकायची घाई तुम्हा स्वच्छ लोकांना.”

“माझं चुकलं, काका.”

“चुकलंच. तीस वर्षं मला कुणी विचारलं, तर मी म्हणायचो, हात लावून बघ. आता काय म्हणू?”

तिनं पर्समधून डबी काढली. सोमवारच्या मापावरून काल तिनं प्लास्टरची नक्कल ओतली होती. दोनदा ओतली, म्हणजे पहिलीत बुडबुडा राहिला असलाच तर दुसरीवरून कळेल. दोन्ही तिनं सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिल्या होत्या. “हे बघा,” ती म्हणाली आणि मग चुकीचं बोलले असं वाटून म्हणाली, “हात लावून बघा.”

अंगठा पुन्हा माथ्यावरून निघाला. डी पाशी नख अडलं.

“आहे,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच प्रूफ तपासणाऱ्याचा झाला. “बुडबुडा नाही ना हा?”

“दोन नकला केल्या. दोन्हींत तिथेच आहे. सोमवारी तिथे उंचवटा होता, एवढं मी लिहून देते.”

“पण कशाचा?”

“ते प्लास्टर सांगत नाही. त्याला तांबं काय, चांदी काय, माती काय, सगळं पांढरंच.”

काका हसले. हसताना तिला दिसलं की खालची कॅप हलते आहे, आणि तशातही तिच्या मनात आलं की यांना लॅबमध्ये बोलवायला हवं. त्यांनी कोरी चिठ्ठी समोर ओढली, चेहरा तिरपा करून नजरेच्या कडेनं कागद धरला आणि लिहिलं: ‘अकरा’. मग पेन तिच्याकडे दिलं.

“पुढे प्रश्नचिन्ह काढ. लेखकाला विचारायचं राहिलं असलं की आम्ही समासात तेच काढायचो. तू मिटवलंस, तर चिन्हही तूच काढ. आणि तुझी नक्कल नाण्याशेजारी जाऊ दे. खाली लिही, सोमवारची.”

तिनं प्रश्नचिन्ह काढलं. त्याचं टिंब देताना पेन जरा जास्तच टेकलं गेलं. दुपारी कपाट लागलं, कुलूप बसलं. नाणेवाल्यांपैकी एकानं चिठ्ठी वाचून काकांना टोमणा मारला, “एवढ्या वर्षांनी शंका आली वाटतं?” काका म्हणाले, “मला नाही. तिला आली. आणि ती वाचते चांगलं.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सोमवारी सकाळी साबण लावून हात धुताना तिची नजर सिंकखाली गेली आणि ती तशीच ओल्या हातांनी वाकून उभी राहिली. दातांच्या लॅबमध्ये सिंकचं पाणी थेट गटारात जात नाही. प्लास्टरनं नळी तुंबते, म्हणून मध्ये गाळाचा डबा असतो. जड ते तळाशी बसतं, पाणी वरून निघून जातं. डबा महिन्यातून एकदा रिकामा करायचा. या महिन्याचा अजून व्हायचा होता.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती चहाची बारीक गाळणी, पांढरं फडकं आणि ताईंचा दिवा घेऊन बसते. गाळ चमचाभर काढायचा, पाण्यात पसरायचा, निथळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. महिन्याभराचे दात त्यात आहेत: कॅपचा कीस, घासलेल्या कवळ्यांचा गुलाबी चुरा, तारांचे तुकडे. मालकांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, एक बारीक वस्तू पडली आहे. केवढी, म्हणाले. खसखशीच्या दाण्याच्या पाव भाग, ती म्हणाली. मालक जेवायला निघून गेले. घरी नणंद रोज दारातच विचारते, “सापडला का तुमचा राजा?”

अर्धा डबा झाला आहे. आतापर्यंत तीन कण वेगळे काढून तिनं काचेच्या पट्टीवर चिकटवले आहेत. दोन तिच्याच कामाचे असावेत, चकाकी नवी आहे. तिसरा काळपट आहे, एका बाजूनं गोल, आणि सुईनं टोचला तर कुठेतरी आत लालसर दिसतो. तो लाल रंग तांब्याचा असेल. पण कुजून बाहेर आलेलं तांबंही असंच दिसतं, आणि पाचशे वर्षांत खरं टिंबच कुजून मळ झालेलं असू शकतं. मग त्या गुरुवारी पाण्यात जे सुटलं, ते कुणा कारागिरानं एका लहान गावात बसून ठोकलं होतं की मातीनं आपलं आपण जमवलं होतं?